एका दांपत्याची कर्जफेड

१८९६ सालच्या जानेवारीच्या अखेरीस पुण्यात एका अमेरिकन गृहस्थाचे इंग्रजी व्याख्यान झाले. गृहस्थ साठीचे, डोक्यावर केसांचे रान माजलेले, मिशा झुपकेदार, आणि मुंबईत धरलेला खोकला अजून पुरता सुटलेला नसावा. विषय म्हणावा असा काही नव्हताच. आपल्याच पुस्तकांतले गमतीचे प्रसंग ते संथपणे, स्वतः जराही न हसता सांगत, आणि समोरचे लोक हसून बेजार होत. कार्यक्रमाला तिकीट होते. त्या तिकिटांच्या पैशांतून खर्च वजा जाता जे उरे ते न्यूयॉर्कला जाई, आणि तिथे ९६ धनको त्याची वाट पाहत बसलेले होते. हे गृहस्थ म्हणजे ‘टॉम सॉयर’ आणि ‘हकलबरी फिन’ या पुस्तकांचे कर्ते मार्क ट्वेन. खरे नाव सॅम्युएल क्लेमेन्स.

न्यायमूर्ती रानड्यांनी १८७५ साली पुण्यात वसंत व्याख्यानमालेचा पाया घातला. तेव्हापासून व्याख्यान म्हणजे लोकशिक्षण, असे आपण धरून चाललो आहोत. व्याख्याने देऊन एक लाख डॉलरच्या घरातले कर्ज फेडता येते, हे आपल्या व्याख्यात्यांना ऐकूनही खरे वाटणार नाही. आमच्या वाट्याला आजवर नारळ, शाल आणि फार तर एस. टी.चे भाडे आलेले आहे. असो. विनोदाचा भाग सोडला तरी ही हकीगत सांगण्यासारखी आहे. ती बहुधा ‘मार्क ट्वेनने कर्ज फेडले’ अशा एका वाक्यात सांगितली जाते, आणि आमची तक्रार त्या वाक्याविरुद्ध आहे. त्या प्रवासात त्यांच्याबरोबर पत्नी ऑलिव्हियाबाई होत्या. कर्ज फेडायचे की तडजोड करून मोकळे व्हायचे, हा निर्णय मुख्यतः त्यांचा होता. कर्जात बुडालेल्या पैशातही त्यांच्या माहेरचा पैसा होता. मग कर्जफेडीचे वाक्य एकवचनी का असावे?

आधी दोघांची ओळख करून घेऊ. सॅम्युएलचा जन्म १८३५ चा, मिसुरी राज्यातला. १८४७ साली वडील वारले आणि पोराच्या हाती छापखान्याचे खिळे आले. जुळारी म्हणून त्याने सेंट लुई, न्यूयॉर्क, फिलाडेल्फिया अशा शहरांतून रोजगार केला. पुढे मिसिसिपी नदीवर आगबोटीचा वाटाड्या झाला, १८५९ साली त्याला त्या कामाचा परवाना मिळाला. या वाटाड्यांनी आपली एक संघटना बांधली होती आणि मालकांना तिच्यापुढे नमावे लागले होते. त्या संघटनेची हकीगत ट्वेननी पुढे मिसिसिपीवरच्या आपल्या पुस्तकात इतकी रंगवून सांगितली आहे, की आम्ही ती आमच्या कार्यकर्त्यांना आवर्जून वाचायला लावतो. ऑलिव्हियाबाई दहा वर्षांनी लहान, न्यूयॉर्क राज्यातल्या एल्मायरा गावच्या. वडील जर्व्हिस लँग्डन हे कोळशाचे मोठे व्यापारी, आणि गुलामगिरीचे कट्टर विरोधक. वयाच्या सोळाव्या वर्षी बाई बर्फावर घसरून पडल्या आणि पुढे बराच काळ अंथरुणाला खिळल्या. प्रकृती जन्मभर नाजूक राहिली. लग्न झाले २ फेब्रुवारी १८७० रोजी, आणि त्याच वर्षी वडील वारले. मुलीच्या वाट्याला मोठी संपत्ती आली. हार्टफर्ड शहरात १८७४ साली त्यांनी जो वाडा बांधला, तो मुख्यतः या पैशातून. पहिला मुलगा बालपणीच दगावला. पुढे सूझी, क्लारा आणि जीन अशा तीन मुली. नवऱ्याचे प्रत्येक हस्तलिखित बाई वाचत, खुणा करीत, आणि ‘हे राहू द्या, हे काढा’ असे सांगत. नवरा कुरकुर करी आणि बहुधा ऐके.

आता कर्ज कसे झाले ते पाहू. दारूने नाही, जुगाराने नाही, मुलीच्या लग्नानेही नाही. ते एका यंत्राने आणि एका प्रकाशनसंस्थेने झाले.

यंत्र होते जेम्स पेज नावाच्या कारागिराचे. खिळे जुळवायचे, आणि छपाई झाल्यावर ते पुन्हा घरोघरी टाकायचे, ही दोन्ही कामे ते आपोआप करणार होते. सुमारे अठरा हजार सुटे भाग! १८८० पासून ट्वेन त्यात पैसे घालू लागले, आणि पुढे पुढे महिन्याला तीन हजार डॉलर या राक्षसाच्या तोंडी जाऊ लागले. एकूण किती गेले? कोणी दोन लाखांच्या आसपास म्हणतात, कोणी तीन लाख. यंत्र चाले तेव्हा सुरेख चाले, पण लोक पाहायला बोलावले की हमखास बिघडे. पेज साहेब ते उघडून आणखी एक सुधारणा करीत. दरम्यान १८८६ च्या जुलै महिन्यात न्यूयॉर्कच्या ‘ट्रिब्यून’च्या छापखान्यात मर्गेन्थालरचे लिनोटाइप यंत्र चालू झाले. ते पेजच्या यंत्राइतके हुशार नव्हते, पण ते रोज चाले. शर्यत तिथेच संपली होती. ट्वेनना ते कळायला आणखी आठ वर्षे लागली.

कामगार चळवळीतल्या माणसाला या यंत्राच्या हकिगतीत एक बोचणारी गंमत आढळते. २२ मार्च १८८६ रोजी याच ट्वेननी हार्टफर्डच्या एका मंडळापुढे ‘नाइट्स ऑफ लेबर’ या कामगार संघटनेची तोंड भरून स्तुती करणारा निबंध वाचला. कष्टकरी आता राजा होणार, असे ते बोलले. आणि त्याच सुमारास आपल्या यंत्राची थोरवी गाताना ते लिहीत, की हा यांत्रिक जुळारी दारू पीत नाही आणि युनियनमध्येही जात नाही. एकाच माणसाच्या उजव्या खिशात संघटनेची स्तुती आणि डाव्या खिशात तिच्या मरणाची हुंडी! आम्ही त्यांना ढोंगी म्हणणार नाही. स्वप्नात श्रीमंत झालेला माणूस कोणाच्या बाजूला उभा आहे हे त्याचे त्यालाच उमगत नाही, आणि आम्ही हे सूतगिरणीतही पाहिले आहे. जाता जाता सांगायचे, तर अमेरिकेतल्या जुळाऱ्यांच्या संघटनेने लिनोटाइपला विरोध करण्यात शक्ती घालवली नाही. यंत्र येऊ द्या, पण त्यावर बसेल तो आमचा सभासद आणि आमच्या दराने, असा हट्ट धरला व तो पुष्कळ अंशी तडीस नेला. ट्वेनपेक्षा जुळाऱ्यांना यंत्र अधिक कळले होते.

दुसरा खड्डा प्रकाशनाचा. १८८४ साली ट्वेननी भाचेजावयाला पुढे करून ‘चार्ल्स वेब्स्टर आणि कंपनी’ ही पेढी काढली. आरंभ दिमाखात झाला. माजी राष्ट्राध्यक्ष जनरल ग्रँट हे जावक-आवक न पाहता एका लबाड भागीदाराच्या हाती सापडून १८८४ साली धुळीला मिळाले होते. घशाच्या कर्करोगाने मरता मरता त्यांनी आपल्या आठवणी लिहिल्या, त्या याच पेढीने छापल्या. ग्रँट गेले, पण त्यांच्या पत्नीच्या हाती १८८६ साली पहिलाच दोन लाख डॉलरचा धनादेश पडला. नवऱ्याच्या कर्जातून बायकोला सोडवणारे पुस्तक ज्याने छापले, त्याच्यावर आठ वर्षांत तीच पाळी यावी, हा योगायोग कादंबरीत कोणी खपवून घेणार नाही.

ग्रँट यांच्या पुस्तकाने डोके फिरले. पोपच्या चरित्रासारखी पुस्तके काढली, ती बसली. पण पेढीला खरा गळफास बसला तो अमेरिकन वाङ्मयाच्या अकरा खंडांच्या एका ग्रंथमालेचा, आणि त्याची रीत समजून घेण्यासारखी आहे. ही माला हप्त्यांवर विकली जाई. गिऱ्हाईक पहिला लहानसा हप्ता भरी आणि अकरा खंड घरी नेई. छपाई, बांधणी आणि विक्रेत्याची दलाली हे सर्व पेढीला रोख मोजावे लागे, आणि गिऱ्हाइकाचे पैसे येत महिन्याला चिमूटभर. म्हणजे खप जितका जास्त, तितकी पेढी अधिक कर्जात! भरभराटीने मरणे म्हणतात ते हे. हा खड्डा भरायला बँकेकडून उचल, ती फेडायला दुसरी उचल, आणि मध्येमध्ये ऑलिव्हियाबाईंच्या माहेरच्या पैशातून उसनवार. ही उसनवार साठ हजार डॉलरांच्या वर गेली. खर्च आवरावा म्हणून १८९१ च्या जूनमध्ये कुटुंबाने हार्टफर्डचा वाडा बंद केला व ते युरोपात राहायला गेले. तिथे राहणी स्वस्त पडे. १८९३ साली अमेरिकेत मोठी मंदी आली, बँकांनी हात आखडले, आणि १८ एप्रिल १८९४ रोजी पेढीने दिवाळे काढले.

इथे दोन माणसे पुढे येतात, आणि दोघांची तोंडे दोन दिशांना होती. एक हेन्री रॉजर्स, ‘स्टँडर्ड ऑइल’ या अवाढव्य तेलकंपनीतले एक धुरीण. धंद्यात इतके निर्दय, की लोक त्यांना नरकाचा कुत्रा म्हणत. कामगार चळवळीच्या माणसाने ज्यांचे नाव घेताना तोंड वाकडे करावे त्यांतलेच हे. पण मैत्रीला जागले. त्यांनी कायद्याची एक खेळी केली. पेढीचा सर्वांत मोठा धनको कोण? खुद्द मालकाची बायको! तेव्हा तिचे देणे आधी, असे म्हणून ट्वेनच्या सर्व पुस्तकांचे हक्क तिच्या नावे करून टाकले. ट्वेन स्वतः ते हक्क धनकोंना देऊन टाकायला निघाले होते. मंदीच्या त्या वर्षात ते कवडीमोलाने गेले असते. पुढची सारी फेड ज्या दुभत्या गाईवर झाली, ती गाय रॉजर्सनी अशी दावणीला ठेवली. धनकोंना हे मुळीच आवडले नाही, आणि त्यांच्या जागी आम्ही असतो तर आम्हीही ओरड केली असती.

दुसऱ्या ऑलिव्हियाबाई. त्या तेव्हा युरोपात होत्या. दिवाळे म्हणजे बेअब्रू, ही भावना मनातून जात नाही, असे त्यांनी बहिणीला कळवले. नवऱ्याला लिहिलेल्या पत्रात मात्र त्या रडत बसल्या नाहीत. रॉजर्स धनकोंशी ताठरपणे वागतात हे त्यांच्या कानी आले होते, आणि ते त्यांना रुचले नाही. ज्यांचे आपण देणे लागतो त्यांच्याशी नुसते कायदेशीर नव्हे, तर त्यांना मदत होईल असे वागले पाहिजे, असा त्यांनी नवऱ्याला बजावून निरोप दिला. वेळ पडली तर हार्टफर्डचा वाडाही देऊन टाकायची त्यांची तयारी होती. डॉलरमागे पन्नास सेंट घेऊन पावती द्यायला पुष्कळ धनको राजी झाले असते, व्यवहारी माणसांचा सल्लाही तसाच होता. बाईंनी सांगितले, शंभरच्या शंभर सेंट. नवऱ्याने ते मान्य केले आणि पुढे वर्तमानपत्रांतून जगाला जाहीर केले, की अब्रूचा तगादा कायद्याच्या तगाद्यापेक्षा कडक असतो.

आमच्या कामगार पतपेढीत कर्जमागणीचा अर्ज आला, की आम्ही रक्कम नंतर पाहतो. पहिला प्रश्न असतो, ‘घरी माहीत आहे का?’ पुष्कळदा समोरचा माणूस छताच्या पंख्याकडे पाहतो. घरी माहीत नसते. बायकोला कळते ते वसुलीचा माणूस उंबऱ्यावर उभा राहिल्यावर, आणि तिच्या गळ्यातले गेलेले असते ते त्याच्याही आधी. क्लेमेन्स दांपत्याची राहणी आणि आमच्या सभासदांची राहणी यांत जमीन-अस्मानाचे अंतर आहे हे आम्ही जाणतो. पण किती, कोणाचे, आणि कधीपर्यंत, हे त्या घरात दोघांनाही ठाऊक होते. पुढचे सगळे त्यातून आले.

१८९४ च्या शरद ऋतूत पेजच्या यंत्राची शिकागोच्या एका वर्तमानपत्रात अखेरची परीक्षा झाली. खिळे मोडू लागले, यंत्र थांबू लागले. डिसेंबरात पॅरिसला बातमी पोचली, की आता आशा नाही. मग राहिला एकच उद्योग. ट्वेनना व्याख्यानाच्या फेऱ्यांचा मनापासून कंटाळा होता, पुन्हा व्यासपीठावर चढणार नाही असे ते कितीदा तरी म्हणाले होते. तरी जगाची फेरी ठरली. १४ जुलै १८९५ रोजी एल्मायराहून निघाले. बरोबर ऑलिव्हियाबाई आणि मधली मुलगी क्लारा. थोरली सूझी आणि धाकटी जीन मावशीपाशी राहिल्या. निघताना ट्वेनच्या पायाला मोठे काळपुळी गळू झालेले होते. अमेरिका आडवी पार करून ऑगस्टच्या अखेरीस बोट पकडली, मग ऑस्ट्रेलिया, न्यूझीलंड, सिलोन, हिंदुस्थान, मॉरिशस, दक्षिण आफ्रिका. एका वर्षात शंभराहून अधिक कार्यक्रम. न्यूझीलंडात असताना नोव्हेंबरच्या २७ तारखेला बाईंनी पन्नाशी गाठली आणि ३० तारखेला नवऱ्याने साठी.

व्यासपीठावर एकच माणूस दिसतो. त्याच्यामागे जे चालते ते लिहिले जात नाही, म्हणून इथे सांगतो. रोज नव्या गावी सामान बांधणे-सोडणे, गळवाची मलमपट्टी, खोकल्याची शुश्रूषा, कपडे, भेटीला येणाऱ्यांची सरबराई, दूर राहिलेल्या मुलींना पत्रे, आणि आज या भागात लोक हसले नाहीत, उद्या तो गाळा, असा सल्ला. हे सारे त्या बाईने केले जिला लहानपणी डॉक्टरांनी अंथरुणातून उठू दिले नव्हते.

मुंबईला ते जानेवारीत उतरले आणि वॉटसनच्या हॉटेलात राहिले. लोखंडी सांगाड्याची ती इमारत काळ्या घोड्याजवळ एस्प्लनेड मॅन्शन या नावाने ओळखली जाते. पहिले काही दिवस ट्वेन खोकल्याने खोलीतच अडकले. मग नॉव्हेल्टी थिएटरात कार्यक्रम झाले, पुणे झाले, बडोद्याला गायकवाड महाराजांपुढे झाले. मुंबईच्या हॉटेलात एका युरोपियन माणसाने नोकराच्या तोंडात मारली, ती पाहून ट्वेनना लहानपणी वडिलांच्या घरचे गुलाम आठवले. पैशासाठी धावणाऱ्या माणसाची नजर अजून मेलेली नव्हती, एवढे यावरून दिसते.

पुण्याचा उल्लेख आला आहे, तर तिथेच थोडे थांबू. ज्या पुणे जिल्ह्यात हे ऋणको गृहस्थ लोकांना हसवीत होते, त्याच जिल्ह्यातल्या सुपे गावी १२ मे १८७५ रोजी कुणबी शेतकऱ्यांनी सावकारांच्या घरांवर चाल केली होती. त्यांचा मुख्य रोख सोन्यानाण्यावर नव्हता. कर्जाचे रोखे काढून ते जाळावेत, हा हेतू होता. पुणे आणि नगर जिल्ह्यांत हा वणवा पसरला. सरकारने चौकशी केली, आणि १८७९ साली दख्खनच्या शेतकऱ्यांसाठी कायदा आला. त्याने दोन मोठ्या गोष्टी केल्या. कोर्टाने रोख्यावरचा आकडा प्रमाण न मानता व्यवहार मुळापासून तपासावा, आणि देणे थकले म्हणून शेतकऱ्याला दिवाणी तुरुंगात टाकू नये. आपल्या जुन्या धर्मशास्त्रात दामदुप्पट होतीच. एका वेळी मुद्दलापेक्षा अधिक व्याज मागता येत नाही, असा तो नियम. म्हणजे देणे किती फेडायचे याला मर्यादा असते, हे आपल्या पूर्वजांनाही मान्य होते.

मग शंभरच्या शंभर सेंट फेडणाऱ्या या दांपत्याकडे बोट दाखवून, ‘पाहा, अब्रूदार माणूस असा असतो’ असे सुप्याच्या कुणब्याला किंवा परळच्या गिरणीकामगाराला सांगता येईल काय? आम्हाला हा उपदेश करणारे पुष्कळ भेटले आहेत. त्यांना आम्ही एक हिशेब देतो. सरकारने १९२९ साली नेमलेल्या व्हिटली कमिशनने १९३१ साली आपला अहवाल दिला. नारायण मल्हार जोशी त्या कमिशनचे सभासद होते. औद्योगिक भागांतली दोन तृतीयांश कामगार कुटुंबे कर्जात आहेत, बहुतेकांचे कर्ज तीन महिन्यांच्या पगारापेक्षा जास्त आहे, आणि रुपयाला महिना एक आणा हा नेहमीचा दर आहे, असे त्यांना आढळले. रुपयाला महिना एक आणा म्हणजे दरसाल ७५ टक्के. तीन महिन्यांच्या पगाराइतके कर्ज या दराने अंगावर असेल, तर दर महिन्याच्या पगारातल्या प्रत्येक रुपयामागे तीन आणे निव्वळ व्याजात जातात आणि मुद्दल तसूभर हलत नाही. ट्वेनचे एक लाख डॉलर याच दराने वाढले असते, तर वर्षाला ७५ हजार डॉलर केवळ व्याजाचे झाले असते. मग जगाला एकच काय, पाच फेऱ्या घातल्या असत्या तरी दोघे होती तिथेच राहिली असती! त्यांचे धनको थांबले, आकडा फुगला नाही, पुस्तकांचे हक्क शाबूत राहिले, आणि दाराशी रॉजर्ससारखा बलदंड रखवालदार होता. कामगाराच्या दाराशी असा रखवालदार फक्त कायदा होऊ शकतो किंवा संघटना. १९३६ च्या पगारवाटप कायद्याने पगाराची तारीख आणि दंडाची हद्द बांधली, १९४६ साली मुंबई सरकारने सावकारीचा कायदा केला, १९७५ साली महाराष्ट्रात लहान शेतकरी, कारागीर व कामगार यांची कर्जे कायद्यानेच रद्द झाली. ही पावले कोणाच्या अब्रूला कमीपणा आणणारी होती असे आम्हाला वाटत नाही. ऑलिव्हियाबाईंच्या अब्रूचा आम्हाला आदर आहे. पण ती अब्रू राखता येईल इतकी जमीन त्यांच्या पायाखाली होती.

आणि तरीही त्यांना जे मोजावे लागले ते हिशेबात बसणारे नव्हते. ३१ जुलै १८९६ रोजी तिघे इंग्लंडच्या किनाऱ्याला लागले. आता मुलींना बोलवायचे आणि एखादे शांत घर घेऊन प्रवासाचे पुस्तक लिहायचे, असे ठरलेले. मुलींच्या जागी सूझी आजारी असल्याचे कळले. बाई आणि क्लारा तातडीने अमेरिकेच्या बोटीवर चढल्या. ट्वेन गिल्डफर्ड गावी मागे राहिले. बोट समुद्रात असतानाच, १८ ऑगस्टला, सूझी हार्टफर्डच्या त्याच बंद केलेल्या घरात मेंदूज्वराने गेली. वय २४. बापाला ते तारेने कळले, आईला न्यूयॉर्कच्या बंदरात. आपण कर्जात पडलो नसतो तर मुलीला सोडून जावे लागले नसते, हा विचार ट्वेनच्या मनातून पुढे कधीच गेला नाही.

ती दोघे लंडनला परत एकत्र आली आणि एका साध्या घरात जगापासून लपून राहिली. त्या हिवाळ्यात घरात नाताळ झाला नाही, वाढदिवस झाले नाहीत. ट्वेन सकाळपासून लिहीत. प्रवासाचे ते पुस्तक, ज्यात मुंबईही आहे, अशा घरात लिहिले गेले. बाई पाने वाचत आणि टिपणे काढून देत. ऑस्ट्रेलियातल्या आदिवासींचे वर्णन, विशेषतः बूमरँग फेकण्याचे, फार लांबले आहे, हा शब्द असभ्य आहे, तो बदला, इत्यादी. ही टिपणे आणि त्यांवर नवऱ्याने लिहिलेली उत्तरे शिल्लक आहेत. दुःखाने अर्धमेल्या झालेल्या आईने बूमरँगचा परिच्छेद छाटावा, हे वाचताना आम्हाला गिरणीतल्या त्या बाया आठवतात ज्या मूल गेल्याच्या तेराव्या दिवशी साच्यावर उभ्या राहत. पगार कापला जाऊ नये म्हणून उभ्या राहत हे तर खरेच, पण हाताला काम हवे म्हणूनही.

१८९७ च्या जूनमध्ये ‘न्यूयॉर्क हेरल्ड’ पत्राने ट्वेनच्या मदतीसाठी वर्गणी सुरू केली. ट्वेनचा जीव क्षणभर मोहात पडला, त्यांनी होकारही दिला. बाईंनी नको म्हटले, रॉजर्सचेही मत तेच पडले, आणि वर्गणी परत गेली. आम्ही जन्मभर वर्गणी गोळा करीत आलो, त्यामुळे वर्गणीला आम्ही कमी लेखणार नाही. पण संपातल्या माणसाची वर्गणी निराळी आणि आपल्या हुकलेल्या डावाची भरपाई लोकांकडून घेणे निराळे, हा भेद त्या बाईला न शिकवता कळला होता.

नोव्हेंबरात पुस्तक बाहेर पडले व चांगले खपले. कुटुंब तेव्हा व्हिएन्नात होते. हातात रक्कम जमत चालली होती. ट्वेननी रॉजर्सना लिहिले, की आता सुरुवात कराच, हे ओझे पेलत नाही, याने काम सुचेनासे झाले आहे. रॉजर्सनी वाटप सुरू केले, आणि १८९८ च्या आरंभी शेवटच्या धनकोला शेवटचा सेंट पोचला. धनकोंनी आभाराची पत्रे पाठवली, ती रॉजर्सनी व्हिएन्नाला रवाना केली. त्या दिवशी ऑलिव्हियाबाई ती पत्रे पुन्हा पुन्हा वाचीत बसल्या. सूझी गेल्यानंतर खऱ्या आनंदाचा असा हा पहिलाच दिवस, असे त्या म्हणाल्याचे ट्वेननी रॉजर्सना कळवले आहे.

हार्टफर्डच्या घरात मात्र ती पुन्हा कधी राहिली नाहीत. सूझी जिथे गेली तिथे पाऊल ठेवणे बाईंना शक्य नव्हते. १९०३ साली वाडा विकला. ५ जून १९०४ रोजी फ्लॉरेन्सला बाईंनी डोळे मिटले.

ट्वेनबद्दल एक गोष्ट राहिली. कर्ज फिटून दोन-तीन महिनेच झाले असतील, मार्च १८९८, आणि व्हिएन्नातच त्यांची गाठ श्चेपानिक नावाच्या एका तरुण संशोधकाशी पडली. जेकार्ड मागावर नक्षी विणायची, तर आधी चित्रावरून छिद्रांची पुठ्ठे पाडावी लागतात. हे आठवड्यांचे काम. श्चेपानिकचे यंत्र ते झटक्यात करणार होते. सोलापूर-इचलकरंजीच्या कोणाही जेकार्डवाल्याला त्याचा मोह पडला असता, ट्वेनना तर रात्रीची झोप लागेना. त्यांनी अमेरिकेच्या हक्कांसाठी पंधरा लाख डॉलरचा सौदा मांडला आणि रॉजर्सना कळवले, की भांडवल उभे करा. रॉजर्सनी अमेरिकेतल्या कापडधंद्याची चौकशी केली व यात पडू नये असे उत्तर पाठवले, आणि तो बेत तिथेच राहिला.